प्लसचं लायसन आणि कुंकवाचं एक बोट

आमच्या फॅक्टरीच्या आतल्या दाराच्या चौकटीवर टिकल्या चिकटवलेल्या असायच्या. स्टीलची गुळगुळीत चौकट, आणि तिच्यावर लाल, मरून, काळ्या, कुणाची सापासारखी लांबडी, कुणाची खड्याची. आत जाताना प्रत्येकीनं आपली टिकली काढून तिथं लावायची आणि शिफ्ट सुटली की ओळखून परत कपाळाला लावायची. घाईत एकीची दुसरीनं लावली की भांडण. गौरम्मा म्हणायची, "दिवसाचे आठ तास माझं सौभाग्य ह्या पत्र्याला चिकटलेलं असतं, आणि घरी नवरा विचारतो, दमलीस कशानं?"

आत कपाळ मोकळं, केस टोपीत, तोंडाला फडकं, मंगळसूत्र गाऊनच्या आत. पावडर नाही, काजळ नाही, गजरा तर नाहीच नाही. आत आम्ही ज्या तबकड्या बनवायचो, त्यांना धूळ चालत नव्हती. कोऱ्या डीव्हीडी. घेणाऱ्यानं घरी नेऊन त्यावर आपलं लग्न, आपलं गाणं, आपले हिशेब काय हवं ते लिहावं, अशा. आता त्या भंगारवालाही घेत नाही. आमच्या म्हैसुरात, बन्नीमंटपाकडच्या घरांत लोक त्या दोऱ्याला बांधून पाखरं हाकलायला गच्चीवर लटकवतात. मी रस्त्यानं जाताना वर बघते, आणि ऊन पडलं की अजूनही मान तिरकी होते. डाग आहे का बघायला. सवय जात नाही, काय करायचं.

माझं शिक्षण विचाराल तर दहावीला गणितात गेले, तिथंच थांबले. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते असं घरात सांगायचे. घोडे गेले, तलवारी गेल्या, मराठी तेवढी राहिली, तीही कन्नडात बुडवलेली. फॅक्टरीत मी लागले तेव्हा तिथं गाण्याच्या कॅसेटी व्हायच्या, मी स्क्रू आवळायची. मग सीडी आली, मग डीव्हीडी. मशीनं बदलली, सर बदलले, मी बघत बघत शिकत गेले. शेवटी माझं कामच बघायचं झालं. दिव्याखाली तबकडी धरायची, तिरकी करायची, आणि सांगायचं, पास का फेल. तपासणारं मशीन होतंच, पण नवा लॉट निघाला की शेषाद्री सर मशीनआधी मला बोलवायचे. "इंदक्का, बघा." हे सांगताना आजही मला जरा ताठ बसावंसं वाटतं.

तबकडी कशी होते ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पारदर्शक प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे. ते वितळवून साच्यात दाबायचे. साच्यात निकेलचा एक पातळ पत्रा बसवलेला, त्याला स्टँपर म्हणायचे. त्या पत्र्यावर मधून कडेपर्यंत गोल गोल जाणारी एक रेघ, केसाहून कितीतरी बारीक, ती प्लास्टिकवर उमटायची. मग रंग. तबकडी फिरवायची आणि मधे रंगाची धार सोडायची, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. डोसा घालताना आपण पळी फिरवतो, इथं तवाच फिरतो. मग चांदीचा मुलामा, आणि पाठीला दुसरी कोरी तबकडी चिकटवायची. तुमच्या कॉम्प्युटरमधला लेसर तो रंग थोडाथोडा जाळून त्यात लिहितो. बस.

पण रंग पसरत असताना वाटेत धुळीचा एक कण जरी आला, तरी रंग त्याला वळसा घालून जातो आणि मागं एक शेपटी राहते. आम्ही त्याला बालचुक्की म्हणायचो. कन्नडात धूमकेतूला तसंच म्हणतात, शेपटीची चांदणी. दिसायला सुंदर. बालचुक्की दिसली की तबकडी बाद.

आता भांडणाचं. काही मोठ्या कंपन्यांनी मिळून लिहिता येणारी डीव्हीडी काढली. तिच्या नावात एक आडवी रेघ होती. ते म्हणायचे ती नुसती रेघ आहे, पण जगानं तिला मायनस करून टाकलं. थोड्याच वर्षांत दुसऱ्या काही कंपन्यांनी आपली वेगळी काढली, तिचं नाव प्लस. दोघी हातात घेतल्या तर कुठली कोणती, मलाही सांगता यायचं नाही. फरक सगळा त्या रेघेत. रेघ सरळ नसते, नागमोडी असते, आणि कुठं काय लिहायचं याचा पत्ता त्या नागमोडीतच असतो. मायनसवाले पत्ता एका रीतीनं लिहायचे, प्लसवाले दुसऱ्या. प्लसवाले म्हणायचे, आमची जास्त अचूक. मायनसवाले म्हणायचे, आमची जास्त घरांत चालते. वेगळं निघालेल्या दोन भावांनी एकाच गल्लीत एकाच मालाची दुकानं थाटावीत आणि गिऱ्हाइकाला म्हणावं, त्याच्याकडं जाशील तर माझ्याकडं येऊ नकोस, तसं.

आणि दोघांचं लायसन वेगळं. अर्ज वेगळा, नमुने वेगळे, प्रत्येक तबकडीमागं द्यायचा हिस्सा वेगळा, डब्यावर छापायची खूण वेगळी. बनवणाऱ्याची ओळखसुद्धा त्या रेघेत कोरलेली असते. लिहिणारं यंत्र आधी ती वाचतं, ही अमक्याची तबकडी, हिला लेसर इतका तापवायचा. ओळख नोंदलेली नसेल तर यंत्र अंदाजानं लिहितं, नाहीतर सरळ नको म्हणतं.

आम्ही फक्त मायनस बनवायचो. आणि त्याचा त्रास सगळ्यांत आधी मला कुणी दिला, तर बेट्टदपुरच्या एका मास्तरांनी. हे गृहस्थ बसनं आमच्या गेटावर आले, हातात आमच्या तबकड्यांचा डबा. वॉचमननं मला बाहेर बोलावलं.

"मेडम, ह्या तबकड्या आजारी आहेत."

"काय होतंय त्यांना?"

"यंत्रात घातल्या की थुंकून टाकतंय."

डोंगरावरच्या देवळाची जत्रा आणि शाळेचा वार्षिकोत्सव जपून ठेवायचा म्हणून ह्यांनी गावातून वर्गणी काढून यंत्र घेतलं होतं. मी दुसरा डबा दिला. पुढच्या आठवड्यात आले ते यंत्रच पंच्यात गुंडाळून घेऊन. उघडून बघते तर वर लिहिलेलं, प्लस. नुसतं प्लस. मायनसला ते दारातसुद्धा उभं करणार नाही. मी समजावलं, सर, हे दोन पक्ष आहेत, तुमचं यंत्र तिकडच्या पक्षाचं. मास्तर गणिताचे निघाले.

"प्लस आणि मायनस एकमेकांना खातात असं मी पोरांना तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले, "इथं दोघांनी मिळून मलाच खाल्लं की."

आम्ही हसलो. पण शेषाद्री सर हसले नाहीत. दुकानांत नवीन येणारी बरीच यंत्रं तसली निघायला लागली होती. मायनसच्या ऑर्डरी कमी होत होत्या आणि आमची दुसरी लाइन आठवड्यातले तीन दिवस बंद राहायला लागली. त्या लाइनवर बावीस बायका.

मधेच बेंगळुरूचा एक व्यापारी आला. पायात चकचकीत बूट, तोंडात बडीशेप. म्हणाला, "लायसनची वाट कशाला बघता? प्लसचा स्टँपर मी आणून देतो, आत मोठ्या कंपनीची ओळख कोरलेली. तुम्ही फक्त दाबा. रेघेच्या आत कोण बघायला जातंय?" असे कारखाने तेव्हा होते. दुसऱ्याच्या नावानं तबकडी, आणि यंत्र ती त्या दुसऱ्याची समजून भलताच लेसर तापवणार. आज लिहिलेलं वर्षा-दोन वर्षांत पुसट. शेषाद्री सरांनी त्याला कॉफी पाजली, गेटापर्यंत सोडायला गेले आणि येऊन मला म्हणाले, "इंदक्का, ज्याचं लग्न त्यात असेल तो आपल्याला शिव्या देईल, आणि त्याला आपलं नावही माहीत नसेल." मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला. पुढं माझ्याकडून जे झालं ते त्यांना आजवर ठाऊक नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

सरांनी प्लसच्या लायसनचा अर्ज केला. एका मोठ्या गिऱ्हाइकानं शब्द दिला होता, लायसन आलं की वर्षभराची ऑर्डर. नाही आलं तर दुसरी लाइन बंद आणि बावीस जणी घरी. हे सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. लायसनवाल्यांचा माणूस येणार, लाइन बघणार, समोर बनलेले नमुने स्वतःच्या हातानं उचलून सील करणार आणि तिकडच्या लॅबला नेणार. त्याची तारीख कळली. विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी.

अय्यो, म्हैसूरमध्ये दसऱ्यात परदेशी साहेब! हॉटेल मिळेना, रस्ते बंद. पण आमची काळजी वेगळी होती. आयुधपूजा.

तुम्ही म्हैसुरात नवीन आलेल्या मंडळींनी बघितलं असेल, महानवमीला इथं झाडून सगळ्या यंत्रांना कुंकू लागतं. बस, रिक्षा, शिवणयंत्र, लेथ, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप. चाकाखाली लिंबू, दारात कुंकू घातलेला कोहळा फोडायचा. आमच्या आतल्या खोलीत हे कसं जमणार? म्हणून सरांनी तोडगा काढला होता. मशीनचा मोठा फोटो काढून, फ्रेम करून, बाहेरच्या व्हरांड्यात ठेवायचा आणि पूजा त्याची करायची. फोटोला कुंकू, फोटोला हार, फोटोपुढं केळी.

गौरम्माला हे पहिल्यापासून खुपत होतं. ती टी. नरसीपूरकडची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, दुसऱ्या लाइनवर रंगाच्या मशीनला. मला बाकी सगळे इंदक्का म्हणायचे, ती इंदू म्हणायची. ती बोलायची कन्नडात, मी तुम्हाला मराठीत सांगते.

"ए इंदू, तू सांग. कुणाच्या घरी फोटोला हार घालतात?"

"अगं, देवाच्या फोटोला नाही का घालत?"

"देव राहू दे. माणसाच्या?"

"गेलेल्या माणसाच्या."

"दोन वर्षं आपण ह्या मशीनबाईच्या फोटोला हार घालतोय. जिवंतपणी! आणि वर विचारतात, लाइन का बंद पडतेय."

मी हसले, पण घरी गेल्यावर ते माझ्या डोक्यातून जाईना. माझा देवावर विश्वास किती, मला आजही नीट सांगता येत नाही. पण बावीस घरं आणि हार घातलेला फोटो, हे दोन्ही एकदम डोळ्यापुढं यायचं. स्वयंपाक करताना मीठ दोनदा पडलं.

महानवमीला दुपारी व्हरांड्यातली पूजा झाली, कोहळा फुटला, प्रसादाचे पुडे वाटले, लोक निघाले. आतल्या खोलीची किल्ली माझ्याकडं होती. मशीनं बंद करून कुलूप लावणं माझं काम. गौरम्मा मागं रेंगाळली.

"इंदू, एक बोट. फक्त एक बोट लावून येते."

"बेड, गौरम्मा. नको."

"परवा तो साहेब येणार. ती बिचारी अशीच विधवेसारखी उभी राहणार त्याच्यापुढं?"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि म्हणाले, "एकच बोट. बाहेरच्या पत्र्यावर. ओलं करून लाव, कोरडं उडवू नकोस. आणि कुणाला सांगू नकोस." दार मीच उघडलं.

तिचं बघा, नियम एकही मोडला नाही. टिकली काढून चौकटीला लावली. गाऊन, टोपी, फडकं, बूट, सगळं घातलं, आणि हातमोज्यात पानात बांधलेलं कुंकू. मी बाहेर काचेशी उभी, वॉचमन येतोय का बघत. ती कुठं लावते हे मी बघितलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांतच हसू होतं. फडक्यामुळं तेवढंच दिसत होतं. म्हणाली, "आता कशी घरंदाज दिसते."

विजयादशमीला हत्ती निघाले, संध्याकाळी आमच्या घराजवळच्या मैदानात मशालींची कवायत, सगळं दरवर्षीसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. मिस्टर लिम. बुटके, सावकाश बोलणारे, हातात एकच बॅग. मला वाटलं होतं कुणी जरबेचा माणूस असेल. ह्यांनी दारात आपणहून घड्याळ काढून दिलं.

मशीन सुरू झालं. आधीच्या तबकड्या काढून टाकल्या, मग नमुन्याच्या निघायला लागल्या. शेषाद्री सरांनी सवयीनं पहिली माझ्या हातात दिली. "इंदक्का, बघा."

मी दिव्याखाली तिरकी केली. बालचुक्की. एक नाही, तीन.

दुसरी घेतली. चार. तिसरीत तर सगळं आभाळच. मी सरांकडं बघितलं, त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. लिम साहेबांनीही तबकडी घेतली, बघितली, आणि लाइन थांबवायला सांगितलं.

"डाय," शेषाद्री सर लगेच इंग्रजीत म्हणाले. "डायचा लॉट नवा आहे. तोच खराब असणार."

डाय म्हणजे रंग, तो परदेशातून यायचा. तो खराब ठरला तर परत पाठवायचा, नवा मागवायचा, महिने जाणार. तोवर गिऱ्हाइकाचा शब्द कुठं राहतोय. लिम साहेब मान हलवून म्हणाले, रंग असेल तर माझं आजचं काम संपलं, नवा आला की पुन्हा अर्ज करा. आणि एक कागद पुढं केला. दोष काय, कारण काय, लिहून सही करा.

मी भिंग लावून शेपटीच्या टोकाला बघत होते. जांभळ्या रंगात एक ठिपका. लाल.

भिंग खाली ठेवलं. मी मशीनकडं गेले, मान वर केली. वरच्या बाजूला, अगदी मधोमध, गाळलेली हवा ज्या जाळीतून खाली रंगावर येते, त्या जाळीच्या पट्टीवर कुंकू. सुंदर गोल. कारण गौरम्मानं विचार केला असणार, कुंकू लावतात कुठं? कपाळाला. आणि मशीनचं कपाळ कुठं? वर, मधोमध. दोन दिवसांत ते वाळलं, सकाळी हवा सुरू झाली, आणि कण कण खाली.

मी सरांना कोपऱ्यात घेतलं.

"सर, डाय नाही. कुंकू आहे."

"काय?"

"जाळीवर. बघा."

त्यांनी बघितलं. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "कोण?"

आता इथं मी थांबून खरं सांगायला पाहिजे होतं. एक श्वास घेण्याएवढा वेळ होता. मला माझी खुर्ची दिसली, माझा दिवा दिसला, "इंदक्का, बघा" हे ऐकू आलं.

"गौरम्मा," मी म्हणाले.

"आत कशी गेली? किल्ली तुमच्याकडं होती ना?"

"पूजेच्या गडबडीत दार उघडं राहिलं असेल, सर."

सर लिम साहेबांकडं गेले, सगळं सांगितलं. लिम साहेब जाळीकडं गेले, बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं आता बॅग उचलतील. ते म्हणाले, "माझी आई माझ्या भावाच्या लॉरीपुढं उदबत्ती लावते. इंजिन उघडून लावत नाही, एवढंच." मग म्हणाले, खराब तबकडी सगळीकडं निघते, ती का निघाली हे ज्यांना सापडतं त्यांना मी लायसन द्यायला सांगतो. जाळी, चाळण्या, सगळं बदला. उद्या पुन्हा नमुने काढू. पण हे कागदावर पाहिजे.

कागद मीच भरला. शोधून काढणारी मी, म्हणून. काय झालं, कुठं, कुणी, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. आणि एक रकाना होता, परवानगी कुणी दिली. मी इंग्रजीत लिहिलं, नोबडी. स्पेलिंग बरोबर लिहिलं, तेवढं आठवतं.

लिम साहेबांनी तिथं बोट ठेवलं. "नोबडी?"

"नोबडी, सर."

गौरम्माला बोलावलं. ती आली, सरांनी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. वाट बघितल्यासारखं. मी हातातला कागद वाचत होते. मग ती म्हणाली, "हौदु, होय सर. मीच लावलं." एवढंच.

तिला त्याच दिवशी काढलं. रात्रभर सफाई चालली, दुसऱ्या दिवशी नमुने निघाले ते असे की डाग शोधून सापडेना. लायसन आलं. डब्यांवर प्लसची खूण छापायला लागलो. एकवीस जणी राहिल्या आणि कारण शोधलं म्हणून मला सुपरवायझर केलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एका वर्षात दोन्ही लिहिणारी यंत्रं आली. प्लस घाला, मायनस घाला, त्याला काही फरकच नाही. ज्या भांडणापायी आम्ही एवढे जिवावर उदार झालो ते यंत्रवाल्यांनी चिमटीत मिटवलं. मग पेनड्राइव्ह आला, फोन आला, आणि लाइन दोन, लाइन एक, फॅक्टरी, एकामागून एक बंद. कधी वाटतं, गौरम्मानं तसंही काही वर्षांनी घरीच बसायचं होतं. मग वाटतं, हे मी कुणाला समजावतेय?

मला ते स्वस्थ बसू देत नाही. टीव्ही लावते, बंद करते. वाती वळायला घेते, अर्ध्यावर उठते. मुलगी म्हणते, "आई, बीपी बघून घे." बीपी ठीक आहे.

मागच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळातल्या मुलींनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गळ घातली. आजी, तुमची ती म्हैसुरी मराठी फार गोड, तसंच लिहा. मी बसले लिहायला आणि वर जे वाचलंत ते सगळं एका दमात लिहिलं. लिहून झाल्यावर हलकं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. कागद पिशवीत घातले आणि बसनं टी. नरसीपूरला गेले. गौरम्मा तिथं मुलाकडं असते, एवढं ऐकून होते. इतक्या वर्षांत गेले नव्हते.

ती ओसरीवर शेंगा सोलत होती. केस सगळे पांढरे. मला बघून म्हणाली, "ये. बस. पाय वर घे, फरशी गार आहे." काल भेटल्यासारखं.

सून पाणी घेऊन आली, मी कोण ते कळल्यावर हसली. सासूला ती अत्ते म्हणते. "फॅक्टरीतल्या का? अत्ते अजून मिक्सरला हात लावायला गेल्या की आम्ही सांगतो, अत्ते, कुंकू लावू नका हं, बंद पडेल." आणि आत गेली. गौरम्मा शेंगा सोलत राहिली. मला कळलं, हे रोजचं आहे.

मी पिशवीतून कागद काढले. "गौरम्मा, मी लिहिलंय. सगळं. मी दार उघडलं, मी हो म्हणाले, सगळं."

"कुठं येणार?"

"आमच्या मंडळाच्या अंकात."

"मराठीत?"

"हो."

तिनं शेंगा बाजूला केल्या. हसली, पण ते हसणं मला बरं वाटलं नाही. "शहाणी आहेस इंदू. माझ्या घरात कुणाला वाचता येणार नाही, आपल्या लाइनवरच्या एकीला येणार नाही, अशा ठिकाणी कबूल केलंस."

मी म्हणाले, "माफ कर."

"माझं काय? मला तर माहीतच होतं," ती म्हणाली. "कुंकू मी लावलं, चूक माझी, नोकरी माझी गेली. मला वाटलं होतं, तू एकदा म्हणशील, मी हो म्हटलं होतं. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. मग मी वाट बघणं सोडलं." आणि आत हाक मारली. सून आली. पाठोपाठ मुलगा आला, हातात भाकरीचा तुकडा.

"हिला काहीतरी सांगायचंय," गौरम्मा त्यांना म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. तसंच, वाट बघितल्यासारखं.

मी जन्मभर कन्नड बोलतेय. बाजारात, बसमध्ये, फॅक्टरीत, स्वप्नातसुद्धा. त्या वेळी एक शब्द येईना. पाण्याचा तांब्या धरला, खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "नाने हेळिद्दे." मीच सांगितलं होतं. किल्ली माझ्याकडं होती, दार मी उघडलं. गौरम्मानं विचारलं, मी हो म्हणाले. साहेबांपुढं खोटं मी बोलले.

सून उभीच राहिली. मुलगा घास गिळायचा थांबला.

"इन्नू जोरागि," गौरम्मा म्हणाली. अजून मोठ्यानं. "मागच्या खोलीत आमचे हे पडून आहेत. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी त्या दिवशीपासून मला फार बोल लावलेत."

मी उठले आणि मागच्या खोलीत गेले.